चूल पाहुण्यांना, गॅस घरच्यांना

ऐकलंत का? नाही? मग जरा जवळ सरका, आणि कुणाला सांगणार नाही अशी शपथ घ्या. सांगाल तर सांगालच, पण शपथ घ्या. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या वैनी परवा तीन दिवस गायब होत्या. गल्लीनं आधी त्यांना माहेरी पाठवलं, मग नरसोबाच्या वाडीला, आणि दुसऱ्या दिवशीही दाराला कुलूप दिसल्यावर थेट गुडघ्याच्या ऑपरेशनला. खरी बातमी फुटली तेव्हा दूधवाल्याच्या हातातलं माप हातातच राहिलं. वैनी गगनबावड्याकडच्या एका वाडीत, कुणा अनोळखी माणसाच्या सोप्यात, घोंगडं अंथरून झोपून आल्या होत्या. आणि वर त्याचे पैसे देऊन आल्या होत्या!

हो, पैसे देऊन. ज्या बाईनं शेणाचा वास येतो म्हणून तक्रारी करकरून शेजारचा गोठा हलवायला लावला, त्या बाईनं दुसऱ्याच्या अंगणात उकिडवं बसून, कोपरापर्यंत हात बुडवून सारवण घातलं. त्याचा फोटो काढला. स्टेटसला लावला. खाली लिहिलं, ‘मातीशी जुळलेलं नातं’. त्यांच्या सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांची उमेदीची वर्षं सारवण्यातच गेली. त्यांनी चष्मा लावून तो फोटो नीट पाहिला आणि एवढंच विचारलं, ‘पैसं हिनं दिलं, का हिला मिळालं?’

एकट्या वैनींना बाधा झाली असती तर लिंबू उतरून टाकलं असतं. पण ही साथ आहे, साथ. बँकेतले साहेब झाले, दातांचे डॉक्टर झाले, तालमीतली पोरं झाली, आता गल्लीतला भजनी मंडळाचा ग्रुपही निघालाय म्हणतात. आपल्या कोल्हापूरकराची सहल म्हणजे काय होती? रविवारी सकाळी पन्हाळा, तीन दरवाजापाशी भाजलेलं कणीस, झुणका-भाकरी, आणि दिवेलागणीला घरी येऊन रस्सा. परगावी मुक्काम करायचा तो लग्नाला, नाहीतर मयताला. नुसती हवा खायला कुणाच्या तरी घरी जाऊन राहायचं म्हटलं असतं, तर आमच्या आजोबांनी विचारलं असतं, ‘का गा? घरात भांडण झालंय काय?’

आणि नावं तरी कुठली? आंबा, राधानगरी, दाजीपूर, गगनबावडा, पाटगाव, थेट चंदगडच्या टोकाचा पारगड. ही नावं पूर्वी आपल्या कानावर कशी यायची, आठवतंय? बदलीच्या हुकमातून. मास्तरांची, तलाठ्याची, नर्सबाईंची ‘तिकडं’ बदली झाली की घरात सुतक. बायको माहेरी, सासरा आमदाराच्या दारात. ‘गगनबावड्याला टाकलं’ असं सांगणाऱ्याच्या तोंडावर कोर्टानं शिक्षा सुनावल्याची कळा असायची. कोल्हापुरापासून जेमतेम पंचावन्न किलोमीटर, पण ऐकणारा सहानुभूतीनं चहा पाजायचा. आज त्याच गावी दोन रात्री काढायला माणसं महिनाभर आधी पैसे भरतात. शिक्षा तीच. फक्त पूर्वी तिचा पगार मिळायचा, आता तिची पावती मिळते.

आजार कुठवर गेलाय हे बघायचं असेल तर संध्याकाळी रंकाळ्यावर या. पूर्वी तिथं कुणाच्या पोराला पुण्यात किती पॅकेज मिळालं यावर चढाओढ असायची. आता उलटा लिलाव चालतो. एकजण म्हणतो, ‘आमी गेलतो तिथं रेंज नव्हती.’ दुसरा लगेच, ‘आमच्याकडं लाईटच नव्हती.’ तिसरा घसा खाकरतो, ‘आमच्याकडं गाडीच जात न्हाई, दोन तास चालत.’ चौथा बोलत नाही. तो नुसती पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर ओढतो आणि जळवांनी काढलेली नक्षी दाखवतो. बोली तिथंच थांबते. आंबा काय, दाजीपूर काय, पावसाळ्यात तिथल्या पालापाचोळ्यात जळवा असायच्याच. वाडीतला माणूस पायाला मीठ-तंबाखू चोळून निमूट कामाला लागतो. आमचा माणूस, घरात डास चावला तर नगरसेवकाच्या नावानं शिमगा करणारा, तिथं पाच जळवांना रक्त पाजून येतो आणि वर्षभर पायजमा वर करून फिरतो.

आता आतल्या गोटातली बातमी. या वाड्यांतही आता पुष्कळ घरांत गॅस आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना आली. चुलीच्या धुरानं बायकांचे डोळे आणि छाती जाऊ नयेत म्हणून सरकारनं टाक्या पाठवल्या. सासवांनी चुलीला रामराम ठोकला. तोवर आमची मंडळी डोंगर चढून पोचली. ‘मावशी, आम्हाला चुलीवरचंच पाहिजे हं!’ झालं. परड्यातली विझलेली चूल पुन्हा लिंपली, ओली लाकडं पुन्हा फुंकली. पाहुण्यांची भाकरी चुलीवर, आणि पाहुणे हात धुवायला उठले की घरच्यांचा चहा गॅसवर. पाहुण्यांनाही चुलीपुढं बसायची हौस असते. फोटोपुरती फुंकणी हातात धरतात आणि दुसऱ्या मिनिटाला डोळे चोळत बाहेर पळतात. ‘काय सुंदर वास असतो नाही धुराला,’ म्हणतात. अंगणातून.

घराचीही तीच कथा. माणसानं घरकुलाचे हप्ते, सोसायटीचं कर्ज आणि मेहुण्याची उसनवारी एकत्र करून स्लॅब टाकला, तर आमचा पाहुणा त्याच्याकडं असं बघतो, जणू त्यानं देवळाचा कळस मोडीत घातला. ‘अरेरे, आधी कौलं होती ना?’ होती की. गळत होती. गगनबावड्याचा पाऊस शनिवार-रविवारच्या माणसाला कळत नाही. जून ते सप्टेंबर तिथं सूर्य परक्या पाहुण्यासारखा येतो आणि न जेवता जातो. धुतलेलं धडुतं चुलीच्या उबेला टांगायचं आणि धुराच्या वासासकट अंगात घालायचं. पण एक घरमालक भेटला भलता हुशार. त्यानं स्लॅबवर जुनी कौलं पुन्हा रचली. खालून स्लॅब, वरून कौलं. घर कोरडं, पाहुणा खूश.

भिंतीला टांगलेलं आजोबांचं इरलं डोक्यावर घेऊन पाहुणे बांधावर उभे राहतात, तो फोटो तर तुम्ही पाहिलाच असेल. आता पुन्हा पाहा, मागची बाजू. घरची नात शाळेला निघालेली दिसेल, गुलाबी रेनकोट घालून.

आणि मोबाईलचा उपवास! सगळं सोडून शांततेत राहायला गेलेली ही मंडळी पहिल्या तासाभरात शोधून काढतात, की वाडीच्या वरच्या अंगाला एका दगडावर उभं राहिलं की दोन कांड्या रेंज येते. जिथं टॉवर पोचत नाही तिथं असा एखादा दगड असतोच. संध्याकाळी त्याच्यापुढं रांग लागते. पाहुण्याला सूर्यास्ताचा फोटो पाठवायचा असतो, आणि मागं उभं असलेलं वाडीतलं पोरगं अदबीनं विचारतं, ‘काका, तुमचं झालं असंल तर मला भरतीचा फॉर्म भरायचाय.’

जेवणाचं तर काय सांगू! आमच्या शाळेत डोंगरभागातली पोरं डब्यात नाचण्याची भाकरी आणायची आणि झाकण आडवं धरून खायची. काळी भाकरी कुणाला दिसू नये म्हणून. पुढं संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष जाहीर केलं, आपल्या सरकारनं ‘श्रीअन्न’ म्हणून बारसं केलं, आणि तीच भाकरी आता परडीत, केळीच्या पानावर, मधोमध लोण्याचा गोळा ठेवून येते. पाहुणे ती आधी मोबाईलला खाऊ घालतात, मग स्वतः खातात. आजऱ्याकडं एकीला घनसाळ भात वाढला. शिजताना अख्ख्या घरात वास सुटतो असा तांदूळ, भौगोलिक मानांकन मिळालेला. बाईंनी घास घ्यायच्या आधी विचारलं, ‘ब्राऊन राईस नाही का?’ पाटगाव ‘मधाचं गाव’ म्हणून नावाजलंय. मौनी महाराजांच्या मठाचं ते गाव. तिथं एकजण मधाची बाटली उलटीपालटी करून एक्स्पायरीची तारीख शोधत होता म्हणे. मधमाश्यांनी छापायची राहून गेली असेल.

पण कोल्हापूरचं रक्त किती वेळ गप्प बसणार? पहिल्या जेवणाला कुळथाचं माडगं, वाहवा. दुसऱ्याला भारंगीची भाजी, खरडा, पुन्हा वाहवा. तिसऱ्या जेवणाला पाहुणा घरधन्याला बाजूला घेतो आणि दबक्या आवाजात विचारतो, ‘आण्णा, तांबडा-पांढरा कायतर जमंल काय?’ आण्णा बिचारे जमवतात. मसाला कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतनं येतो, मटण तालुक्याच्या गावातनं येतं, आणि पाहुणा मिशीला पीळ देत सांगतो, ‘शहरात ही चव न्हाई बघा!’

आमच्या गल्लीला वाटतं, हे खूळ फक्त आपल्याकडचं. तसं नाही. जपानात शिराकावा-गो नावाचं डोंगरातलं खेडं आहे. तिथल्या गवताच्या उभ्या उतरत्या छपरांच्या घरांना १९९५ साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, आणि त्यातल्या काही घरांत आज पाहुणे पैसे मोजून चटईवर झोपतात. म्हणजे जपानी वैनीही आहेत. संयुक्त राष्ट्रांची पर्यटन संघटना २०२१ पासून जगातली उत्तम पर्यटन गावं निवडते; पहिल्याच यादीत तेलंगणातलं पोचमपल्ली होतं. आपल्याकडं अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत माणसं काजवे बघायला जाऊन गावकऱ्यांच्या घरी जेवतात. राधानगरीलाही काजव्यांचा महोत्सव भरतो. अंधारात चमकणारं झाड बघायला एवढ्या गाड्या येतात, की हेडलाईटच्या झोतात काजव्यालाच वाटावं, आपण उगाच आलो.

सरकारही मागं नाही. एमटीडीसीची ‘निवास व न्याहारी’ योजना जुनीच. ऐकताना एका घरात दिलेल्या दोन बहिणींची नावं वाटतात. २०२० साली राज्यानं कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. म्हणजे ज्या गोठ्यापासून शिकून-सवरून लांब जायचं होतं, तो गोठा आता उद्योगात जमा झाला. राधानगरीचं अभयारण्य तर २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर थेट जागतिक वारशाच्या यादीत जाऊन बसलं. तिथले गवे मात्र शांत आहेत. त्यांची जागा १९५८ पासून राखीव आहे, त्यांना बुकिंग लागत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मला मनापासून आवडली, ती आधी सांगून टाकते. पाहुणे धनगरवाड्यावर जातात आणि थेट चुलीपाशी बसून जेवतात. कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं नाही, याचा आपल्या पणज्यांना तोंडपाठ तक्ता होता. याच शहरात शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन चहा पिऊ लागले, तेव्हा किती भुवया कपाळात गेल्या असतील! आज पाहुणा एवढंच विचारतो, की पाणी फिल्टरचं आहे ना. बुकिंग करताना आडनाव जरा खोलात जाऊन विचारणारेही असतात म्हणे. पण ती चर्चा पुन्हा कधीतरी, दार लावून.

आता गल्ली ज्यावर सगळ्यांत जास्त खवळलीय ती गोष्ट: दर. ‘माणशी बाराशे? भाकरीचे? पिठल्याचे? घोंगड्यावर झोपायचे?’ पानाच्या टपरीवर आमच्या गल्लीतल्या आण्णांनी तर जाहीर केलं, की पाहुणचाराला दर लागला, आता कलियुगाचा शेवटचा चरण आला. ‘आपल्याकडं दारातनं जाणाऱ्याला जेवून जावा म्हणायची रीत. त्याचं पैसं घ्यायचं?’

मीही आधी मान डोलावली. मग घरी येऊन जरा हिशेब मांडला.

होम स्टे काल निघाला असं ज्यांना वाटतं, त्यांनी मुक्कामी एसटी पाहिलेली नाही. एसटी १९४८ साली सुरू झाली, आणि जिथवर तिचं चाक पोचलं तिथवर मुक्कामी गाडी गेली. रात्री शेवटच्या गावात थांबायची, पहाटे पहिली फेरी घेऊन उतरायची. ड्रायव्हर-कंडक्टर झोपायचे देवळात, शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर गाडीतच. जेवायचे कुठं? कुणाच्या तरी घरी. आज यांच्याकडं, उद्या त्यांच्याकडं. दर शून्य. परतफेड म्हणून कंडक्टर तालुक्याहून औषधाची बाटली, सुईदोरा आणि माहेरचा निरोप आणायचा. बदली होऊन आलेला मास्तर वर्षानुवर्षं कुणाच्या तरी माडीवर राहायचा. निवडणुकीच्या पेट्या घेऊन आलेले, जनगणनेचे कागद घेऊन आलेले, लस टोचायला आलेले, सगळे त्याच चुलीपुढं.

आपली पन्हाळा-पावनखिंड मोहीम घ्या. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज भर पावसात रातोरात निघाले. बाजीप्रभू आणि बांदल मावळ्यांनी खिंड लढवली, आणि महाराज विशाळगडावर पोचले. ती वाट आपली मंडळी दर जुलैत दोन दिवस सावकाश चालतात. मसाई पठार ओलांडून करपेवाडी, आंबेवाडीच्या बाजूला रात्र काढायची. चिखलानं माखलेली, थंडीनं कुडकुडणारी पोरं दारात उभी राहिली, की तिथल्या घरांनी जनावरं एका बाजूला सारून सोपे मोकळे करून दिले. तेव्हा होम स्टे हा शब्दही जन्मला नव्हता. पारगडावर तर शिवकाळापासून गड राखणाऱ्या घराण्यांची वस्ती आहे, मालुसऱ्यांची घरं आहेत. तिथं साडेतीनशे वर्षं मुक्कामच चाललाय, चेक-आऊट कुणी केलंच नाही.

आणि सगळ्यांत नामांकित फुकटा पाहुणा आजरा-चंदगडकडं आहे: हत्ती. कर्नाटकाच्या जंगलातून गेली वीसेक वर्षं येतोय. फोन नाही, ॲडव्हान्स नाही. ऊस, केळी, फणस, जे आवडेल ते खातो, भातातनं चालत जातो, आवडलं तर मुक्काम वाढवतो. त्याच्या मागं शेतकरी पंचनाम्याचे कागद घेऊन फिरतो. त्याच्यापुढं आमच्या वैनी म्हणजे अगदी सोज्वळ गिऱ्हाईक. निदान निघताना पैसे तरी देतात.

तर हिशेब असा निघाला, की डोंगरानं पिढ्यान्‌पिढ्या पाहुणे पोसले, आणि पोसणारी होती चुलीपुढची बाई. पुरुष अंगणात पाहुण्यांशी गप्पा मारायचे, नाव त्यांचं व्हायचं. ‘आण्णांच्या घरी काय पाहुणचार!’ आण्णांनी काय केलं होतं? ‘ए, आणखी दोन भाकऱ्या टाक,’ असं आत ओरडून सांगितलं होतं.

रस्त्याचा किस्सा सांगितल्याशिवाय मात्र पुढं जाता येणार नाही. वैनींच्या ग्रुपमधल्या एका साहेबांनी निघताना घरमालकाचा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी. ‘आण्णा, एक वचन द्या. इथं रस्ता होऊ देऊ नका. गाव बिघडेल.’ आण्णांनी हात सोडवून घेतला नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाले, ‘सायेब, तुमास्नी याला रस्ता नको असंल. आमास्नी दवाखान्यात जायला पायजे.’ धनगरवाड्यावरचा आजारी माणूस, अडलेली बाळंतीण डोलीत घालून, खांद्यावरून डांबरी सडकेपर्यंत आणली, ही बातमी दर पावसाळ्यात आपण चहाबरोबर वाचतो. मग पान उलटतो आणि पुरवणीत दुर्गम वाडीवर सुट्टी कशी घालवावी ते वाचतो. तीच वाडी असते. फक्त पान वेगळं.

आता तुम्ही विचाराल, बाई, तुम्हाला एवढी आतली माहिती कशी? शपथ घेतलीय ना तुम्ही? मग सांगते. मीही गेले होते.

शाहूवाडीच्या वरच्या अंगाला आमच्या सासूबाईंच्या मामेभावाची वाडी आहे. आम्ही त्यांना तात्यामामा म्हणतो. त्यांच्या सुनेनं दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्यात असं कळलं. म्हटलं, बघू तरी खूळ काय आहे ते. फोन केला, दर विचारला. तोच, माणशी बाराशे. मी लाडात म्हटलं, ‘अगं, आम्ही घरचेच की!’ पलीकडनं ती क्षणभर थांबली आणि शांतपणे म्हणाली, ‘अक्का, पावणी म्हणून येत असशिला तर एक रुपाया न्हाई घ्यायची. पण मग भांडी घासाय लागतील.’

मी पैसे भरले.

गेले, तर तात्यामामा सोप्यात बसले होते. त्यांना बघितलं आणि मला एक जुनी गोष्ट आठवली, जी मी गल्लीत आजवर कुणाला सांगितलेली नाही. काही वर्षांपूर्वी मामी आजारी होत्या, सीपीआर दवाखान्यात ॲडमिट होत्या. मामा आमच्याकडं उतरले. येताना खांद्यावर नाचण्याचं पोतं, हातात फणस. ते पहाटे उठून दवाखान्यात जायचे आणि रात्री हॉलमधल्या दिवाणावर अंग चोरून झोपायचे. टीव्ही लावायचा तर आवाज कमी ठेवावा लागायचा. पोरांच्या परीक्षा होत्या. चौथ्या दिवशी भाकरी वाढता वाढता मी सहज विचारावं तसं विचारलं, ‘मामा, अजून किती दिवस लागतील म्हणतात डॉक्टर?’ मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते दवाखान्याच्या आवारातच झोपायला लागले. म्हणाले, ‘मामीजवळ कुणीतरी पायजे.’ नाचण्याचं पोतं आमच्याकडंच राहिलं. आम्ही ते कामवाल्या बाईंना देऊन टाकलं. काळ्या भाकऱ्या खाणार कोण?

याच शहरात शाहू महाराजांनी खेड्यापाड्यातल्या पोरांसाठी जातीजातींची बोर्डिंगं उभी केली. वसतिगृहांचं गाव म्हणून आपण छाती फुगवतो. आणि आमच्या दोन खोल्या-किचनमध्ये दिवाणभर जागा नव्हती. त्याच तात्यामामांच्या सोप्यात मी आता त्यांच्या नातवाच्या वाकळेवर पडून ‘काय शांतता आहे नाही इथं’ म्हणत होते.

मामींनी विचारपूस केली, पोरांची लग्नं, सासूबाईंचे गुडघे. चुलीवरची भाकरी आली. गॅसवर चालेल म्हटलं तर सूनबाई हसली, ‘पैसं दिल्यात न्हवं? मग धूर आमचा, भाकरी तुमची.’ निघताना मी आणखी एक नोट मामांच्या हातात ठेवायला गेले. त्यांनी हात मागं घेतला. सुनेनं मात्र घेतली. मोजली, वहीत लिहिली, डब्यात ठेवली. मला फार बरं वाटलं. तिच्या सासूनं आयुष्यभर त्या चुलीवर मास्तर, कंडक्टर आणि मोहिमेची भिजलेली पोरं जेवू घातली. तिच्या नावावर कधी चार आणेसुद्धा लिहिले गेले नाहीत.

तेव्हा टपरीवरच्या आण्णांना माझ्याकडून निरोप द्या: पाहुणचाराला दर लागला नाही, थकबाकी वसूल व्हायला लागलीय. आणि व्याजाच्या मानानं बाराशे फारच कमी आहेत.

जायचं तर खुशाल जा. दर घासू नका. बाईला चूल पेटवायला लावली तर निदान तोवर तिच्याजवळ बसा, धुरासकट. रस्ता हवा की नको हे तिथल्या माणसाला ठरवू द्या. आणि ज्यांच्या सोप्यात झोपून आलात, त्यांच्यातलं कुणी पेशंट घेऊन कोल्हापुरात आलं, तर फोन उचला.

बरं, निघते मी. हॉलमधल्या दिवाणावरचा पसारा काढायचाय. सोमवारी तात्यामामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला येतायत.